ओलं भंगार

खरेदी विभागात त्याला सगळे ‘अजूनथोडे’ म्हणत, आडनाव असावं तसं. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि ते वाचायची वेळ कोणावर फारशी येत नसे. पुरवठादारानं कोटेशन पुढे केलं, की तो आधी चष्मा पुसायचा, मग कागद टेबलावर पालथा ठेवायचा आणि म्हणायचा, “छान. आता अजून थोडं.” थोडं म्हणजे किती, हे मात्र कधी सांगायचा नाही. समोरचा माणूस बिचारा चुळबुळ करत स्वतःच आकडा बोलायचा, आणि तो आकडा बहुतेक वेळा अजूनथोडेच्या मनातल्या आकड्यापेक्षाही खालचा असायचा. या दोन शब्दांच्या जिवावर त्यानं पंपाच्या त्या कारखान्यात अर्धी हयात काढली होती.

पण माणूस दगड नव्हता, हेही सांगायला हवं. भाव पाडला, की दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्याच पुरवठादाराला स्वतःहून फोन करायचा. “रात्री विचार केला. तुमचं जरा जास्तच झालं. त्यातलं थोडं परत घ्या.” यात दयामाया किती आणि हिशोब किती, हे त्याचं त्यालाही नीटसं माहीत नसावं. गळा फार आवळला, की पुरवठादार मालात हात मारतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पुरवठादारांमध्ये या प्रकाराला ‘सकाळचा फोन’ असं नाव पडलं होतं. आज मेलो तरी उद्या सकाळी थोडा जिवंत होईन, या भरवशावर लोक त्याच्यासमोर बसायचे.

त्याची दुसरी खोड म्हणजे अचानक कोणाच्याही कारखान्यात जाऊन उभं राहायचं. हात मागे बांधून सगळीकडे फिरायचा आणि तोंडाचा पट्टा सुरू. इथं तेल का सांडलंय? हा गडी चपला घालून काम का करतोय? ती तार उघडी कोणी ठेवली? मालक मागून ‘हो साहेब, हो साहेब’ करत चालायचे. तो ज्याला बोट लावेल ते दुसऱ्या दिवशी दुरुस्त व्हायचं. ज्याच्याकडे बघून तो पुढे जाईल ते पास, असा सगळ्यांचा समज होता, आणि आजवर त्या समजानं कोणाचं नुकसान झालं नव्हतं.

या सगळ्या पुरवठादारांत त्याला खरी मजा यायची ती भट्टीवाल्याशी भांडताना. भट्टीवाल्याची छोटी फाउंड्री होती. भंगार लोखंड वितळवून तो पंपांची बाहेरची कवचं ओतायचा. बुटका, खणखणीत आवाजाचा माणूस. त्याच्याशी भाव ठरवायचा म्हणजे अख्खी दुपार बाजूला ठेवावी लागे. भट्टीवाला खुर्चीवरून उठायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा, “त्यापेक्षा मलाच भट्टीत घाला ना, साहेब!” म्हणून ओरडायचा, आणि आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक पेन खाली ठेवून मजा बघायचे. चहा दोनदा गार व्हायचा. शेवटी दोघं हातात हात देऊन हसत बाहेर पडायचे. अजूनथोडेला मित्र असे फार नव्हते. भट्टीवाल्याला तो मित्र म्हणाला नसता, पण ज्या दिवशी भट्टीवाला येणार असेल त्या दिवशी तो घरून जरा चांगला शर्ट घालून निघायचा, हे त्याच्या बायकोच्या लक्षात आलं होतं.

शिवाय त्याचा धाकटा भाऊ त्याच फाउंड्रीत होता. वडील लवकर गेले. धाकट्याला यानंच वाढवलं, शाळेत घातलं. धाकट्याचं आणि पुस्तकांचं कधी जमलं नाही तेव्हा यानंच भट्टीवाल्याकडे शब्द टाकला. पोरगं हाताला चांगलं निघालं. काही वर्षांत भट्टीवर उभं राहायचं काम धाकट्याकडे आलं, आणि भट्टीवाला त्याला ‘माझा उजवा हात’ म्हणू लागला.

मग मंदी आली. ती काही दवंडी पिटत आली नाही. आधी माल न्यायला येणारे ट्रक कमी झाले. मग फोन उलटे वाजायला लागले. पूर्वी अजूनथोडे पुरवठादारांच्या मागे लागायचा, आता पुरवठादार त्याच्या मागे लागले. “साहेब, काही आहे का? लहानसहान काही?” बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर सकाळपासून माणसं बसून राहायची, एकमेकांशी न बोलता. नंतर नंतर तीही यायची बंद झाली आणि सोफा रिकामा राहू लागला, तेव्हा अजूनथोडे त्या खोलीचं दार लावून घ्यायला लागला. तयार पंपांनी गोदाम भरलं. मग ते आवारात ताडपत्रीखाली रचले, मग कॅन्टीनच्या जिन्याखाली. जेवायला जाताना लोक त्यांना वळसा घालून जायचे आणि कोणी त्यांच्याकडे बघायचं नाही.

मोठ्या साहेबांनी खरेदीच्या सगळ्यांना बोलावलं. मोठे साहेब कधी आवाज चढवत नसत, आणि त्याचीच जास्त धास्ती वाटायची.

“विक्री माझ्या हातात नाही,” ते म्हणाले. “खर्च तुमच्या हातात आहे. प्रत्येक मालाचा भाव खाली आला पाहिजे. किती, ते तुम्हीच ठरवा. ज्याला जमणार नाही त्यानं वाईट वाटून घेऊ नये.”

वाईट कशाचं वाटून घ्यायचं, ते पुढच्याच आठवड्यात कळलं. सकाळी ऑफिसात आलं तर कोपऱ्यातली दोन टेबलं नव्हती. टेबलांवरचे लोकही नव्हते. वर्षानुवर्षं टेबलाखाली राहिलेली फरशी तेवढी चौकोनी, स्वच्छ, नव्यासारखी दिसत होती. सफाईवाल्या बाईनं ती दोनदा पुसली, पण बाकीची फरशी काही तशी होईना. अजूनथोडेच्या टेबलावरून ते दोन्ही चौकोन सरळ दिसायचे.

त्याच दिवशी त्यानं भट्टीवाल्याला फोन लावला. बोलावून घ्यायचं धाडस झालं नाही. समोरासमोर भांडण लांबलं असतं, आणि त्याला लांबवायचं नव्हतं.

“मालक, भाव बघायला लागेल.”

“मला वाटलंच, साहेब. बोला.”

“अजून थोडं.”

अजूनथोडे वाट बघत राहिला. आता ओरडेल, आता भट्टीत घाला म्हणेल. भट्टीवाल्यानं एक आकडा सांगितला. तो इतका खालचा होता, की तसा मागायला अजूनथोडेलाही लाज वाटली असती.

“चालेल ना, साहेब?”

“चालेल,” अजूनथोडे म्हणाला.

“बरं. तुम्ही म्हणाल तसं.”

त्यानं फोन ठेवला. नव्या माणसांना तो एक गोष्ट नेहमी शिकवायचा. पुरवठादार भांडतोय तोवर त्याच्याकडे काहीतरी शिल्लक आहे, पण तो लगेच हो म्हणाला तर घाबरा, उठा आणि जाऊन बघा. भट्टीवाल्याकडे दुसरं गिऱ्हाईक उरलेलं नाही, हे त्याला न सांगता कळलं. आपण नाही म्हटलं तर त्याची भट्टी त्याच दिवशी थंड पडेल, म्हणून तो कशालाही हो म्हणतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सवयीनं फोनकडे हात नेला. परत थोडं द्यावं, निदान पाव तरी. तेवढ्यात नजर त्या दोन चौकोनांवर गेली. हात मागे आला. सकाळचा फोन त्या दिवशी झाला नाही, आणि दुसऱ्या कोणालाही झाला नाही. फोनऐवजी तो उठला आणि फाउंड्री बघायला गेला.

फाटकावर पहारेकरी नव्हता. फाटक तारेनं बांधलेलं होतं, ती त्यानं स्वतःच सोडली. शेजारची पत्र्याची शेड भट्टीवाल्यानं भाड्यानं घेतली होती आणि भंगार तिथं झाकून ठेवायचा. ती शेड आता रिकामी होती, तिला बाहेरून दुसऱ्याचं कुलूप होतं. भंगार उघड्यावर, भिंतीला टेकून रचलं होतं. रात्री पाऊस होऊन गेला होता. अजूनथोडेनं ढिगातला एक तुकडा उचलला. त्याच्या पोकळीत पाणी साचलं होतं, ते त्याच्या बुटावर सांडलं.

तो आत वळला. भिंतीजवळ गॅसचा मोठा हीटर होता. भट्टीत टाकायच्या आधी भंगार त्यावर तापवून खडखडीत कोरडं करतात. वितळलेल्या लोखंडात ओल गेली, की तिची एका क्षणात वाफ होते आणि ती वाफ वरचं लोखंड उडवत बाहेर पडते. फाउंड्रीत झाडू मारणाऱ्यालाही हे पहिल्या दिवशी सांगतात. हीटरवर कोणाचा तरी डबा आणि वाळत घातलेला पंचा होता. अजूनथोडेनं हीटरला हात लावला. बाजूच्या भिंतीइतकाच तो गार होता.

भट्टीपाशी धाकटा उभा होता. चेहरा लाल, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात लांब चिमटा. दादाला बघून त्यानं चष्मा वर केला.

“दादा! आज इकडे कुठे? आणि तोंड का असं?”

“सहज आलो. तुझं कसं चाललंय?”

“चाललंय,” धाकटा म्हणाला, आणि चिमट्यानं भंगाराचे तुकडे भट्टीच्या कडेला एकेक करून मांडत राहिला, भाजी निवडत बसावं तसा. एखादा तुकडा उलटा करून बघायचा, बाजूला टाकायचा.

भट्टीवाल्यानं काचेच्या केबिनमध्ये बसवून चहा मागवला. माणूस वाळला होता. बोलताना नेहमीसारखा हसत होता, पण हसून झाल्यावर चेहरा पूर्वीसारखा होत नव्हता, पडायचा. अजूनथोडेनं दोनदा तोंड उघडलं. हीटर का बंद आहे, एवढंच विचारायचं होतं. पण विचारलं तर तो सांगेल, गॅस परवडत नाही. गॅस परवडत नाही म्हणजे भाव परवडत नाही. मग भाव वाढवावा लागेल, आणि वाढवलेला भाव घेऊन मोठ्या साहेबांपुढे उभं राहावं लागेल. त्यानं चहाचा घोट घेतला.

“चहा छान झालाय,” तो म्हणाला.

त्या दिवशी तो कशाच्याच नावानं ओरडला नाही. भट्टीवाला त्याला फाटकापर्यंत सोडायला आला आणि तार परत बांधून आत गेला.

रस्ताभर त्यानं ठरवलं, की मोठ्या साहेबांना सांगायचंच. सांगायचं, की हा भाव खरा नाही, हा भाव म्हणजे अपघात आहे. ऑफिसात पोचला तर मोठे साहेब त्याच्याच टेबलापाशी उभे. बाकीचेही भोवती होते. कवचांचा नवा भाव त्यांनी पाहिला होता.

“यांच्याकडून शिका,” ते सगळ्यांना म्हणाले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी कधी कोणाच्या खांद्यावर हात ठेवला नव्हता. अजूनथोडेला बरं वाटलं. हे त्यानं पुढे स्वतःपाशीही कबूल केलं नसतं, पण त्या क्षणी त्याला फार बरं वाटलं, आणि रस्त्यात जुळवलेलं वाक्य राहूनच गेलं.

घरी बायकोनं त्याचं तोंड बघितलं आणि ताट वाढायच्या आधी समोर येऊन बसली. त्यानं तिला सगळं सांगितलं.

“मग सांगा ना मालकांना,” ती म्हणाली. “हीटर लावा म्हणावं.”

“सांगितलं की भाव वाढवून मागेल.”

“मग वाढवा.”

“आणि माझं टेबल?”

घराचे हप्ते होते, तिच्या आईची औषधं होती, आणि या वयात त्याला दुसरीकडे कोण उभं करणार होतं? तिनं ताट पुढे ओढून वाढायला घेतलं. मग म्हणाली, “निदान भाऊजींना तरी काढा तिथून.”

त्या ‘निदान’मध्ये दोघांनीही आपापली सोय करून घेतली. नंतर दोघंही व्यवस्थित जेवले.

सुट्टीच्या दिवशी तो धाकट्याकडे गेला. धाकटा दारात बसून सायकलची साखळी पुसत होता.

“आमच्या स्टोअरमध्ये एक जागा आहे,” अजूनथोडे म्हणाला. “हंगामी आहे, पण मी चिकटवतो तुला. उद्या मालकांना सांगून ये.”

“कशाला? मी आहे ना नीट.”

“फाउंड्री बंद होणार आहे.”

धाकट्याचा हात थांबला. “कोण म्हणालं?”

“आतली बातमी आहे. महिन्याभरात कुलूप लागेल.”

हे तो इतकं सहज बोलून गेला, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. पुरवठादाराला ‘दुसऱ्याचा भाव तुमच्यापेक्षा कमी आलाय’ म्हणून सांगताना जो आवाज यायचा तोच हा आवाज होता.

“मग मालकांना सांगायला हवं,” धाकटा म्हणाला.

“अजिबात नाही. बाहेर फुटलं तर आमचाच माल अडकेल. तू कारण काही सांगू नकोस. नुसता नीघ.”

धाकट्यानं साखळी खाली ठेवली. “दादा, तसं नाही निघता येणार. हीटर बंद आहे तिथं. मी प्रत्येक तुकडा कडेला मांडून भट्टीच्या धगीवर वाळवतो, मग आत टाकतो. वेळ लागतो, पण मी उभा आहे म्हणून निभतंय. मालकांना तेवढा दम नाही. त्यांना माल लवकर पाठवायचा असतो.”

अजूनथोडेनं ऐकलं. सगळं नीट ऐकलं. नंतर, ‘मला कोणी सांगितलं नव्हतं’ असं म्हणायची सोय त्याला राहिली नाही.

“माझं ऐकायचं की नाही?” तो म्हणाला. “आजवर तुझं वाईट केलंय मी कधी?”

हा प्रश्न त्यानं धाकट्याला आयुष्यात दोन-तीनदाच विचारला असेल, आणि दर वेळी धाकट्यानं त्याचं ऐकलं होतं. या वेळीही ऐकलं.

धाकटा स्टोअरमध्ये आला. दिवसभर नटबोल्ट मोजायचा, फार बोलायचा नाही. दिसला की विचारायचा, “दादा, लागलं का कुलूप?” अजूनथोडे म्हणायचा, “लागेल.” पण कवचांचा ट्रक येतच राहिला, उलट पूर्वीपेक्षा वेळेवर. एकदा धाकटा उतरवलेल्या कवचावर हात फिरवत म्हणाला, “हे मालकांनी स्वतः ओतलंय. घाई केलीय बघ.” अजूनथोडेनं बघितलं नाही. त्या दिवसांत तो बऱ्याच गोष्टींकडे बघत नव्हता. घरी बायकोनं कवचांचा विषय पुन्हा काढला नाही, आणि भाऊजींना दुपारी सावलीत बसायला मिळतं याचंच कौतुक ती पुन्हा पुन्हा करू लागली.

मोठ्या साहेबांना एका मोठ्या ऑर्डरचा वास लागला, म्हणून अजूनथोडेनं एक दिवस भट्टीवाल्याला फोन केला, माल दोन दिवस आधी मिळेल का विचारायला. पलीकडून इतका घरघर आवाज येत होता, की आधी काही कळेचना.

“कुठे आहात, मालक?”

“भट्टीवर!” भट्टीवाला ओरडून बोलत होता. “मीच उभा आहे. धाकटा गेला, आता माणूस कुठून आणू? परवडायला हवा ना!” आणि हसला. “साहेब, रागावू नका, पण त्या वेळी तुमच्या सकाळच्या फोनची वाट बघितली हो मी. दोन-तीन दिवस बघितली. म्हटलं, गडबडीत राहून गेलं असेल.”

“हो, गडबड होती,” अजूनथोडे म्हणाला.

“असू दे. माल देतो आधी. अजून काही?”

आता सांगता आलं असतं. मालक, भट्टी बंद करा, आधी ते भंगार वाळवा. एका श्वासात सांगून झालं असतं, आणि भावाचं काय ते नंतर बघता आलं असतं. त्यानं फोन या हातातून त्या हातात घेतला.

“सांभाळून हं, मालक,” तो म्हणाला.

“हो, हो,” भट्टीवाला म्हणाला आणि फोन बंद झाला.

त्यानंतर अजूनथोडेला ऑफिसचा फोन वाजला की दचकायची सवय लागली. पण बातमी फोननं आलीच नाही. कवचांचा ट्रक रिकामा आला. ड्रायव्हर स्टोअरच्या दारात उभा राहून म्हणाला, “माल नाही. भट्टी उडाली सकाळी. मालक समोरच होते.” धाकट्याच्या हातात बोल्टांची पेटी होती. ती त्यानं खालीही ठेवली नाही, तिथंच सोडली, आणि फाटकावर कोणाला न विचारता पळत सुटला. अजूनथोडे वरच्या खिडकीतून त्याला बघत होता. त्याच्या मनात आलं, आपणही असंच पळायला हवं. मग तो परत टेबलापाशी येऊन बसला. ऑफिस सुटल्यावर तो हॉस्पिटलात गेला, वाटेत फळं घेऊन.

भट्टीवाल्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. हात कोपरापर्यंत गुंडाळलेले होते. एक डोळा कदाचित वाचेल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याची बायको थोडा वेळ घरी गेली होती. धाकटा पलंगाशेजारी स्टुलावर बसला होता. त्यानं दादाकडे बघितलं आणि पुन्हा मालकांकडे बघू लागला.

“कोण? साहेब ना?” भट्टीवाला म्हणाला. आवाज बारीक झाला होता. “बुटांच्या आवाजावरून ओळखलं. बसा.”

अजूनथोडे बसला नाही.

“एक बरं झालं, साहेब. हा नव्हता तिथं. तरणा पोरगा, त्याच्या डोळ्यांना काही झालं असतं तर मी तुम्हाला तोंड कसं दाखवलं असतं?” तो धाकट्याच्या दिशेनं मान वळवायला गेला आणि कळ आली तसा थांबला. “पण गेला का ते सांगितलं नाही यानं. माझं काही चुकलं का रे?”

धाकटा म्हणाला, “फाउंड्री बंद होणार होती ना, मालक.”

“बंद? कोण म्हणालं बंद होणार?”

“दादा म्हणाला.”

बाहेर कोणाची तरी चाकांची खुर्ची कुरकुरत गेली.

“नाही रे,” भट्टीवाला म्हणाला. “बंद होणार असती तर साहेबांनी मला नसतं का सांगितलं? तुझ्या ऐकण्यात काहीतरी आलं असेल.” मग म्हणाला, “साहेब, तुम्ही त्या दिवशी आला होता ना. भंगाराचा तुकडा उचलून बघितलात. हीटरला हात लावलात. मी काचेतून बघत होतो. माझं धाबं दणाणलं होतं. म्हटलं, आता आपली काही खैर नाही, आता शिव्या बसणार. खरं सांगू? मी वाट बघत होतो. तुम्ही ओरडला असतात तर उसने घेऊन गॅस भरला असता. पण तुम्ही आत येऊन चहा प्यायलात. मला वाटलं, साहेबांनी बघितलं आणि काही बोलले नाहीत, म्हणजे चालत असेल.”

अजूनथोडेला काहीतरी बोलायचं होतं. मला भीती वाटत होती, असं म्हणायचं होतं. ते खरं होतं, आणि इतकं क्षुल्लक होतं, की पट्ट्या बांधलेल्या माणसासमोर त्याला ते उच्चारवेना. त्यानं फळांची पिशवी पलंगाखाली ठेवली आणि ती नीट उभी राहावी म्हणून उगाचच सारखी करत बसला.

धाकटा उठला. त्यानं मालकांना चमच्यानं पाणी पाजलं, ओठ पुसले, आणि दादाला दाराबाहेर घेऊन आला. तो भांडेल, अंगावर धावून येईल, निदान रडेल, असं अजूनथोडेला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

“भट्टीचा वरचाच भाग गेलाय,” धाकटा म्हणाला. “मी बघून आलो. दुरुस्त होईल. मालकीणबाईंशी बोललो. त्यांच्याकडे दुसरं काही नाही, भट्टी चालायलाच हवी. परवापासून मी उभा राहतो.”

“तू वेडा आहेस का? स्टोअरची नोकरी...”

“ती तुझी तू ठेव.” धाकट्यानं आवाज चढवला नाही. “तुमची ती मोठी ऑर्डर आहे ना, तिची कवचं आम्हीच देऊ. आता भावाचं माझ्याशी बोलायचं, मालकांशी नाही. भंगार अजून बाहेरच पडलंय, आणि एवढ्या मोठ्या ऑर्डरला एकेक तुकडा कडेला वाळवायला वेळ नाही. आज सकाळपासून पाऊस आहे. दादा, हीटर लावायचा की तसंच टाकायचं, ते तू सांग.”

अजूनथोडेनं धाकट्याकडे बघितलं. याच्या भुवया भट्टीच्या धगीनं कधीच्याच विरळ झाल्या होत्या. लहानपणी ताप आला की याच कपाळावर तो रात्र रात्र ओल्या घड्या ठेवत बसला होता. लाव, आत्ता लाव, भाव हवा तो घे, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं. आणि सगळ्यात आधी त्याच्या मनात आलं, की मोठ्या साहेबांना हे सांगायचं कसं.

धाकटा उत्तराची वाट बघत उभा होता. अजूनथोडेला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची भीती वाटली.